बिनकव्हरची रेकॉर्ड

राजेळी केळी उन्हात घातली की पुढचे सहा-सात दिवस आमच्या घरात दुपारी कोणी झोपत नसे. वसईतल्या नंदाखाल गावच्या आमच्या अंगणात बांबूच्या मांडवावर सोललेली केळी ओळीने पसरलेली असत आणि आय हातात काठी घेऊन पायरीवर बसलेली असे, कावळ्यांशी भांडत. केळं पहिल्या दिवशी पांढरट, तिसऱ्या दिवशी मधाच्या रंगाचं, आणि आठवडा सरता सरता त्याची काळसर, चिवट सुकेळी होई. त्या दिवसांत सगळं घर गोड आणि जरासं आंबूस वासाचं होऊन जाई. आजही कोणी सुकेळीची पुडी आणली की मी ती आधी नाकाशी नेते, आणि मला गिटार ऐकू येतं. सुना हसतात. म्हणतात, मम्मी, केळ्यात कसलं आलंय गिटार?

आमची घरची बोली वेगळी. ती इथे जशीच्या तशी लिहिली तर वसईबाहेरच्या माणसाला निम्मीच कळेल, म्हणून आमची बोलणी मी शाळेतल्या मराठीत लिहिते आहे. लिहिताना मात्र ती मला त्या बोलीतच ऐकू येतात, आणि लिहून झाल्यावर वाटतं, काहीतरी राहिलं.

बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि देवळात कॉयरचेही मास्तर तेच. आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. देवळाच्या माळ्यावर जुनी पायपेटी होती. तिचा भाता पायांनी हलवत, डोळे मिटून, मान किंचित डावीकडे कलती करून बाबा वाजवत. चार स्वरांत गाणारं कॉयर त्यांनी शेतकऱ्यांच्या पोरापोरींतून उभं केलं होतं. त्यांना नोटेशन वाचता येई, पण गाणाऱ्यांना येत नसे, म्हणून ते प्रत्येकाला त्याचा आवाज कानात घालून शिकवत. माझा भाऊ रॉबी माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो लहान असताना बाबा त्याला खर्जात गाणाऱ्या बाप्यांच्या मधोमध बसवत आणि सांगत, "वरचं गाणं सगळ्यांनाच ऐकू येतं. तू खालचं ऐक." रॉबीदादाला ऐकण्याची खोड लागली ती तिथे. पुढे त्याच खोडीवरून दोघांचं बिनसलं.

रॉबीदादा वसई स्टेशनच्या पलीकडे एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. आगाशीला जहाजावर काम करणारे एक गृहस्थ होते, त्यांचं काहीतरी बिघडलेलं यंत्र त्याने दुरुस्त करून दिलं. खूश होऊन त्यांनी आपला जुना रेकॉर्ड प्लेअर त्याला देऊन टाकला आणि सोबत एक रेकॉर्ड. तिला कव्हर नव्हतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. मधल्या गोल कागदाला कधीतरी पाणी लागलेलं, त्यामुळे अक्षरं पार पुसलेली; कडेला काहीतरी निळं चित्र होतं, ते पक्ष्याचं की शिडाचं, यावर आमचं कधी एकमत झालं नाही. त्या बँडचं नाव काय, गाणारे कुठले, काही ठाऊक नव्हतं. इंग्रजी गाणं होतं एवढं कळे, शब्द चारातला एक. आता माझा नातू म्हणतो, आजी, तू नुसतं गुणगुण, फोन नाव सांगेल. मी गुणगुणत नाही.

रॉबीदादाने प्लायवूडचा एक खोका करून त्यात मोठा स्पीकर बसवला. प्लेअर बैठकीच्या खोलीत, खिडकीखाली. रविवारी देवळात मिस्सा झाली, जेवणं झाली, की तो रेकॉर्ड लावायचा. ऐकायला मी आणि गास गावचा वसंत. वसंत दादाबरोबर कारखान्यात होता, वाडीवाल्यांचा मुलगा, सायकलीवर यायचा आणि येताना हमखास वांगी नाहीतर वालाच्या शेंगा आणायचा. आय त्याला म्हणायची, "अरे, रिकाम्या हाताने ये की एकदा." तो म्हणायचा, "रिकाम्या हाताने आलो तर तुम्ही जेवायला घालणार नाही."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तो निव्वळ कल्लोळ वाटला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या रविवारी कल्लोळ उलगडायला लागला. पहिल्या बाजूला सुरुवातीला एकटं गिटार, अंधारात माणूस भिंत चाचपडतो तसं. मग ड्रम. मग खालून, कधी सुरू झाला कळू न देता, ऑर्गन. गाणाऱ्याचा आवाज खरखरीत, आणि त्याच्या मागे, पार मागे, एक बाई नुसती गुणगुणत असते. ती बाई सापडली वसंतला. "कोणीतरी बाई आहे रे आत," तो म्हणाला आणि आम्ही तिघं खोक्याला कान लावून बसलो. त्या दिवसापासून आम्हाला छंदच लागला. दर रविवारी काहीतरी नवीन सापडे. एका ठिकाणी लांबवर माणसांची गर्दी बोलत असते. एका ठिकाणी दोन गिटारं एकच चाल वाजवतात, पण एक केसभर मागून येतं, म्हणून ती चाल पाण्यातल्यासारखी हलते. आयने तर एकदा अंगणातून, काठी आपटता आपटता, ओरडून सांगितलं, "तो गायच्या आधी श्वास घेतो, तो ऐकला का तुम्ही?" आम्ही ऐकला नव्हता. सुई मागे नेली. खरंच होता. वसंतने दारात जाऊन आयला नमस्कार केला.

शेजारच्या विहिरीवरची मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडे आणि सगळा बँडच पेंगुळल्यासारखा गाऊ लागे. मग आम्ही सुई उचलून मोटर थांबेपर्यंत गप्प बसायचो. त्या गप्प बसण्यातही गाणं चालूच असायचं, तिघांच्याही डोक्यात. मोटर थांबल्यावर नेमकं कुठून लावायचं, हे कोणाला विचारावं लागत नसे.

दुसऱ्या बाजूला एकच लांबलचक गाणं होतं, अख्खी बाजू व्यापणारं. त्याच्या मध्यावर सगळी वाद्यं एकदम विरतात आणि उरतो तो एक बारीक किणकिणाट, काचेच्या पेल्यावर चमचा हलकेच लावावा तसा. सात वेळा. सातव्यानंतर सगळा बँड पुन्हा तुटून पडतो. तो किणकिणाट आला की रॉबीदादा डोळे मिटायचा, मान किंचित डावीकडे कलती व्हायची. आपण कोणासारखे दिसतो आहोत याचा त्याला पत्ता नसे.

बाबा या सगळ्यापासून लांब, ओटीवर वह्या तपासत बसायचे. "ढणाढणा" एवढाच त्यांचा अभिप्राय. दादाला ते लागायचं. त्याला वसंतची वाहवा नको होती, माझी तर नव्हतीच. ज्यांनी आपल्याला ऐकायला शिकवलं त्यांनी एकदा बसून ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं. त्यातच त्याचं गल्फचं जमलं. बहारीनच्या एका कंपनीत नोकरी, व्हिसा यायचा होता. घरात त्याबद्दल कोणी फारसं बोलत नसे, पण आयने लोणचं जास्तीचं घालायला घेतलं होतं.

एका रविवारी दादाने बाबांना हाताला धरूनच आत आणलं. "एक बाजू, बाबा. फक्त एक बाजू." बाबा खुर्चीत बसले, हाताची घडी घालून, इन्स्पेक्टर शाळा तपासायला बसतो तसे. दादाने दुसरी बाजू लावली. तो बाबांच्या समोर जमिनीवर बसला आणि गाण्याऐवजी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. ती जागा जवळ आली. वाद्यं विरली. दादाने बोट वर केलं.

"ऐकलंत?"

"काय?"

"हे. हे आत्ताचं."

"थांबलंय ना ते? संपलं का?"

दादा हसला. त्याला वाटलं, बाबा चेष्टा करताहेत. त्याने सुई मागे नेली. पुन्हा ते सात ठोके आले आणि गेले. बाबा म्हणाले, "तिथे काही नाही."

"मास्तर, आहे," वसंत हळूच म्हणाला. "अगदी बारीक आहे, पण आहे."

"मला तर इथपर्यंत येतंय ऐकू," आय अंगणातून म्हणाली.

बाबा उठले. "गोंगाटात माणसाला हवं ते ऐकू येतं. तुमचे कान वाजताहेत."

दादाचा चेहरा लाल झाला. "तुम्हाला ऐकायचंच नाहीये. आधीच ठरवून बसलात. तुम्हाला ऐकूच येत नाही, बाबा!"

बाबा उंबऱ्यात थांबले. त्यांना आता राग येणार असं मला वाटलं. आमच्या घरात बाबांना कोणी उलट बोलत नसे. पण त्यांनी वळून दादाकडे पाहिलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते घाबरले होते. मी बाबांना घाबरलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून ते काय आहे हे ओळखायला मला थोडा वेळ लागला. दादाने ते पाहिलंच नाही. तो रेकॉर्ड वर्तमानपत्रात गुंडाळत होता.

बुधवारी संध्याकाळी कॉयरची तालीम होती. मी वरच्या स्वरात गाणाऱ्या मुलींत असे. त्या दिवशी मी बाबांकडे पाहत राहिले आणि मला दिसलं की त्यांचे डोळे उघडे आहेत. ते पायपेटीवरून आमच्या तोंडांकडे पाहत होते. शेवटच्या कडव्यात माझ्या शेजारची मुलगी चढली, सरळ सरळ बेसूर झाली, आणि बाबा वाजवत राहिले. पूर्वी त्यांनी तिथल्या तिथे पेटी थांबवली असती. घरी परतताना, तळ्याच्या काठाने चालताना ते म्हणाले, "फिलू, शेवटी मुली वर गेल्या का गं?"

"गेल्या, बाबा."

ते काठाकाठाने चालत राहिले. मग म्हणाले, "गेल्या इस्टरपासून चिमण्या ऐकू येत नाहीत. आधी वाटलं, कमी झाल्या असतील. मग रातकिडे गेले. आता मुलींचा वरचा स्वर जायला लागलाय. खालचं सगळं येतं. वरून पुसत पुसत येतंय कोणीतरी."

मी सोळा-सतरा वर्षांची होते. मी म्हटलं, "दादाला सांगू या. तो डॉक्टरकडे नेईल."

"दादाला सांगायचं नाही." ते चालायचे थांबले. "तो रागात बोलला. उद्या त्याला कळलं की ते खरंच होतं, तर ते वाक्य तो तिकडे घेऊन जाईल. वाळवंटात एकट्याने बसून तेच ते ऐकत राहील. तू मला वचन दे."

मी दिलं. मग आणखी थोडं चालल्यावर, एखादी लहानशी गोष्ट मागावी तसं ते म्हणाले, "त्या रेकॉर्डमध्ये काय आहे ते मला सांगशील?"

आणि अशा आमच्या दुपारी सुरू झाल्या. दादा कामावर, बाबांची शाळा सकाळची, माझं कॉलेज एकला सुटायचं. आय अंगणात केळी राखत बसायची. तिला किती कळलं होतं ते तिने कधी सांगितलं नाही, पण कोणी येताना दिसलं की ती मुद्दाम मोठ्याने कावळ्यांवर ओरडायची. बाबा जमिनीवर मांडी घालून, डावा हात खोक्यावर ठेवून बसायचे, मांडीवर वही. मी सांगायची. सुरुवातीला मला सांगताच येईना. "छान आहे," मी म्हणायची. ते चिडायचे. "छान म्हणजे काय? वर जातं की खाली? किती मात्रा थांबतं? कशासारखं आहे?" मग मी शब्द शोधू लागले. दुधाच्या भांड्यावर नखाने टिचकी मारावी तसं. ओल्या वाळूत पाय ओढत चालावं तसं. ती बाई गुणगुणते ना, बाबा, ती चूल फुंकताना आय करते तशी, स्वतःसाठीच. बाबा लिहून घ्यायचे. पानाच्या वरच्या बाजूला माझे शब्द, खाली त्यांच्या पाच रेघा आणि ठिपके. कधी सुई उचलायला लावून मला गाऊन दाखवायला सांगायचे, एक सप्तक खाली, त्यांना येईल असं. कधी कधी त्यांचा चेहरा उजळायचा. "ड्रम वाजवणारा मोठा हुशार आहे गं. वाजवण्यापेक्षा थांबतो जास्त." तीन आठवड्यांत आम्ही दोन्ही बाजू लिहून काढल्या. मी आयुष्यात पुढे पुष्कळ गाणं ऐकलं. पण इतकं पुरतं, दुसऱ्याला देण्यासाठी म्हणून, मी पुन्हा कधी ऐकलेलं नाही.

या काळात दादा आणि बाबा एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते. व्हिसा आला. मंगळवारचं विमान ठरलं. आदल्या रविवारी आयने मैद्याचे फुगे तळले, डुकराचं इंद्याल केलं, वसंतसाठी वेगळी कोलंबी केली. जेवताना वसंत दोन-तीनदा काहीतरी विनोद करायला गेला आणि मध्येच थांबला. हात धुऊन झाल्यावर बाबा पंच्याला हात पुसत म्हणाले, "रॉबी, लाव ती तुझी रेकॉर्ड. दुसरी बाजू."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी भांडी उचलत होते, उचलत राहिले.

बाबा त्यांच्या जागी, खोक्याशेजारी बसले, हात खोक्यावर. गाणं सुरू झालं. वाद्यं विरायच्या थोडं आधी बाबा अगदी सहज म्हणाले, "आता बघ. पेल्यावर चमचा." आणि बोटाने हवेत सात वेळा, बरोबर सात वेळा टिचकी मारली. सातव्या टिचकीला बँड कोसळला. दादाचं तोंड उघडंच राहिलं. बाबा बोलत होते: ती बाई इथे परत येते, चूल फुंकल्यासारखं गुणगुणते. इथे दुसरं गिटार मागे पडतं, मुद्दाम. माझेच शब्द होते, मी स्वयंपाकघराच्या दारात ताटं छातीशी धरून उभी होते आणि ते शब्द माझे आहेत हे जगात फक्त दोघांना ठाऊक होतं.

मग बाबा असं काही बोलले, जे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

"आणि खाली एक स्वर आहे तो तुम्ही ऐकलात का? ऑर्गनचा. पायाने दाबून धरलाय. अर्ध्या गाण्यापासून जो धरलाय तो शेवटपर्यंत सोडत नाही. बाकी सगळे उड्या मारतात ते त्याच्या जिवावर."

"कुठे?" दादा म्हणाला.

"इथे. हात ठेव."

दादा गुडघ्यांवर पुढे सरकला आणि त्याने बाबांच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. मग वसंतने. मग मीही ताटं खाली ठेवून गेले. प्लायवूड थरथरत होतं, एका लयीत, न थांबता. इतक्या महिन्यांत आम्हा तिघांपैकी कोणालाही तो सापडला नव्हता. आम्ही चौघं गाणं संपेपर्यंत तसेच बसलो. सुई आतल्या गोलात खरखरत राहिली तरी कोणी उचलायला गेलं नाही.

"चांगलं बांधलंय," बाबा म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी कधी ऐकली नव्हती. दादा उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आयबरोबर केळी उलटत बसला.

तो गेला. पत्रं यायची, त्यात उन्हाचं, जेवणाचं, आणि शेवटी हमखास बाबांसाठी दोन ओळी: इथे अमुक गाणं ऐकलं, तुम्ही असता तर खालचा स्वर सांगितला असतात. बाबा ती पत्रं स्वतः वाचायचे आणि घडी करून त्या वहीत ठेवायचे. पुढच्या इस्टरनंतर त्यांनी कॉयर सोडलं. माळ्याचा जिना गुडघ्यांना झेपत नाही असं त्यांनी फादरना सांगितलं, आणि दादाला पत्रातही तेच लिहिलं. पायपेटीवर मी बसू लागले. कानात यंत्र घालून पाहिलं, पण त्यात सगळेच आवाज पत्र्यासारखे येतात म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं. पुसणारा हात खाली खाली येतच होता. आम्ही त्यांच्यासमोर जाऊन, तोंड दिसेल असं बोलायला शिकलो.

तिसऱ्या वर्षी दादा पहिल्यांदा सुट्टीवर आला. अंगावर नवे कपडे, अंगाला वेगळा वास. बाबा थकले आहेत असं त्याला वाटलं. सामान धड उघडलंही नव्हतं, तेवढ्यात त्याने बॅगेतून हातात मावेल असा कॅसेट प्लेअर आणि कानाला लावायचे हेडफोन काढले. "बाबा, सापडली! तिकडच्या दुकानात चाल गुणगुणली, तर बिननावाच्या कॅसेटवर सापडली. तीच." कोणी काही बोलायच्या आत त्याने हेडफोन बाबांच्या कानांवर बसवले आणि बटण दाबलं.

बाबांनी डोळे मिटले. चेहरा शांत, ओठांवर हसू. ते मान हलवत होते, लेकाने आणलेल्या भेटीचा मान ठेवावा तशी. हेडफोनमधून झिरपणारा बारीक आवाज आम्हाला खोलीत ऐकू येत होता. तो एका लयीत चालला होता आणि बाबांची मान दुसऱ्याच.

दादा आधी हसत होता. मग त्याचं हसू थांबलं. तो त्या मानेकडे पाहत राहिला, मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "कधीपासून?"

मी वचन दिलं होतं. पण त्याला खोटं सांगणं मला जमलं नाही. "तू जायच्या आधीपासून."

मी पाहत होते, रागातलं ते त्याचंच वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचलं. तीन वर्षं उशिराने, बाबांनी अडवून धरलेलं, पण पोहोचलं. त्याने भिंतीला हात टेकला. मला वाटलं, तो आता हेडफोन काढेल, काहीतरी बोलेल, रडेल. तो तसं काही न करता बाबांच्या शेजारी बाकावर जाऊन बसला, आपला हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि बोटांनी ताल धरला, गाण्यात चालला होता तसा.

बाबांनी डोळे उघडले नाहीत. त्यांची मान थांबली. त्यांनी थोडा वेळ ती बोटं ऐकली. दादाचा ताल पुढे पुढे पळत होता.

"घाई करतोयस," बाबा म्हणाले, आणि त्याच्या हातावर आपला हात ठेवून त्यांनी त्याला सावकाश लयीत आणलं.